फिट केलेलं नॉनलिनियर मिक्स्ड मॉडेल नव्या डेटावर लावणं

बऱ्याच शेतांच्या, पेशंटच्या किंवा झाडांच्या नोंदींवर एक वक्र (नॉनलिनियर) मॉडेल आधीच फिट करून ठेवलेलं असतं, आता त्यानं न पाहिलेल्या गोष्टीचा आकडा त्याला विचारायचा, एवढंच हे काम. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेडिक्ट (अंदाज काढायच्या) कमांडची एक ओळ टाकली की आकडा येतो, पण एकाच शेतासाठी हे मॉडेल दोन वेगळे आकडे देऊ शकतं अन् दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, घोळ होतो तो तिथंच.

लातूर-परभणीकडचं सोयाबीन घ्या. पेरणीपासूनचे दिवस आणि झाडामागं पानांचं वजन यांचा संबंध लॉजिस्टिक वक्रानं, म्हणजे आधी हळू, मग वेगानं चढून शेवटी सपाट होणाऱ्या वक्रानं, बरा बसतो. समजा सरासरी शेताची कमाल 20 ग्रॅम, निम्मं वजन भरायचा दिवस 55 वा, आणि स्केल, म्हणजे चढ किती दिवसांत पसरतो ते, 8 दिवस. हे झाले फिक्स्ड इफेक्ट, सगळ्या शेतांना सारखे. प्रत्येक शेत या सरासरीपासून किती हटतं ते रँडम इफेक्ट: काळ्या रानात कमाल जास्त, माळावर कमी. दोन्ही एकत्र म्हणून मॉडेल मिक्स्ड. पिन्हेरो आणि बेट्स यांच्या एनएलएमई या अशा मॉडेलांसाठीच्या आर पॅकेजात लेव्हल 0 म्हटलं की फक्त सरासरी शेताचा वक्र मिळतो, लेव्हल 1 म्हटलं की त्या-त्या शेताचा. जुन्या शेताचा पुढचा दिवस हवा असेल तर लेव्हल 1. पण शेतच नवं असेल तर लेव्हल 1 ला सरळ एनए (म्हणजे आकडा नाही) येतं, अन् ते योग्यच आहे, ज्या शेताचं काहीच माहीत नाही ते सरासरीपासून किती हटतं हे सांगणार कुठून?

खरा धोका एनए न येण्यात आहे. मॉडेल शेत ओळखतं ते फक्त लेबलवरून. गट नंबर 45 औशातल्या गावात असतो तसा रेणापूरच्या गावातही असतो, आणि लेबलमध्ये नुसता गट नंबर टाकला असेल तर रेणापूरच्या शेताला औशाच्या शेताचा रँडम इफेक्ट गुपचूप चिकटतो, एरर नाही वॉर्निंग नाही. म्हणून लेबलात गाव-तालुका घालावाच. दिवस पेरणीपासून मोजले की उगवणीपासून, हेही तपासावं, चार-सहा दिवसांचा फरक अख्खा वक्र सरकवतो. वाणाचं तसं नाही, मॉडेल एमएयूएस 71 सारख्या काही वाणांवर बनलं, त्यात वाण फिक्स्ड इफेक्ट म्हणून घातलेला असेल आणि नव्या डेटात फुले संगम हे वेगळंच वाण आलं तर ते एरर देऊन अडतं तरी.

नव्या शेताच्या एक-दोन नोंदी हाताशी असतील तर मधला रस्ता आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा हाच. फिक्स्ड इफेक्ट आणि व्हेरियन्स (शेता-शेतातला अन् मोजणीतला चढउतार किती ते) जसेच्या तसे गोठवायचे, नवीन नोंदींवरून फक्त त्या शेताचा रँडम इफेक्ट काढायचा. वरच्या आकड्यांनी 63 व्या दिवशी सरासरी शेतात साधारण 14.6 ग्रॅम हवेत, शेतात निघाले 11. नुसतं प्रमाण लावलं तर कमाल 15 च्या आसपास येते, पण फक्त कमालच शेतागणिक बदलते असं धरलं तर मॉडेल 15 आणि 20 च्या मध्ये कुठंतरी थांबतं, कारण एका मोजणीत चूकही असू शकते. नोंदी वाढल्या की ते शेताकडं सरकतं. औषधशास्त्रात शायनर आणि बील यांच्या नॉनमेम प्रोग्रॅममध्ये नव्या पेशंटच्या एक-दोन रक्त तपासण्यांवरून डोस ठरवताना हेच करतात.

अजून एक बारकावा लई जण सोडून देतात. लेव्हल 0 म्हणजे सरासरी शेताचा वक्र, सगळ्या शेतांच्या वक्रांची सरासरी नव्हे. रँडम इफेक्ट फक्त कमालीवर असेल तर दोन्ही एकच, पण निम्म्या वजनाचा दिवसही शेतागणिक मागं-पुढं होत असेल तर सगळ्यांची सरासरी जास्त पसरट आणि कमी चढाची येते. पूर्ण तालुक्याचा अंदाज हवा तर रँडम इफेक्ट कॉम्प्युटरवर हजारो वेळा सिम्युलेट करून, म्हणजे काल्पनिक शेतं बनवून, त्या वक्रांची सरासरी घ्यावी. त्यातूनच अंदाजाची रेंजही मिळते, कारण एनएलएमईचं प्रेडिक्ट स्टँडर्ड एरर (अंदाज किती इकडंतिकडं होऊ शकतो त्याचं माप) देत नाही. मात्र नव्या शेताच्या रेंजमध्ये फिक्स्ड इफेक्टची अनिश्चितता, शेता-शेतातला फरक आणि मोजणीतली चूक तिन्ही घ्यावे लागतात, पहिलीच घेतली तर रेंज उगाच चिंचोळी दिसते.

आणि दिवसांची हद्द. लॉजिस्टिक वक्र वर जाऊन सपाट होतो, खाली येणं त्याला माहीतच नाही. 95 व्या दिवसाचा आकडा मागितला तर मॉडेल जवळपास 20 ग्रॅम पानं सांगेल, तेव्हा सोयाबीन पिवळं पडून पानं गाळून काढणीला आलेलं असतं.