सिस्टर आत्याबद्दल का विचारतात?

‘स्तनाचा कॅन्सर आईकडून येतो, वडिलांच्या घराण्याचा काय संबंध?’ हा समज शिकल्या-सवरलेल्या घरांतही घट्ट बसलेला आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बीआरसीए-१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं, बीआरसीए-२ हे १३व्या. ही गुणसूत्रं आई आणि वडील दोघांकडून मिळतात. सदोष प्रत आईकडे असो वा वडिलांकडे, ती मुलीत उतरण्याची शक्यता सारखीच, ५० टक्के. वडील कदाचित आयुष्यभर ठणठणीत राहतील. माग दिसतो तो त्यांच्या बहिणीत.

आणि नेमकी आत्याच आपल्या वंशावळीतून गळते. लग्न झालं, आडनाव बदललं, आजारपण सासरी राहिलं. म्हणून कॅन्सरच्या ओपीडीतली अनुभवी परिचारिका ‘घरात कुणाला कॅन्सर?’ एवढ्यावर थांबत नाही. आत्या किती? कुठे दिल्या? कुणी लवकर गेली का? मग आठवतं, ‘धाकटीच्या पोटात पाणी झालं होतं, पंचेचाळिशीतच गेली.’ हा अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. यकृताच्या आजारातही पोटात पाणी होतं, म्हणून जुने कागद शोधायचे. गर्भपिशवी काढली होती का, सोबत अंडाशयही काढले का, हेही विचारायचं. अंडाशय तरुणपणीच गेले असतील तर ‘तिला काही झालं नाही’ या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. पुरुष चौकोनात, बायका वर्तुळात, अशा तीन पिढ्या कागदावर उतरतात. १९९० साली अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ची जागा १७व्या गुणसूत्रावर दाखवली, तीही २३ कुटुंबांच्या अशाच अभ्यासातून.

ही जनुकं करतात काय, हा माझ्या फार आवडीचा भाग. डीएनएचे दोन्ही धागे कधीकधी एकाच जागी तुटतात. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल झालेली असेल, तर तोच मजकूर शेजारी हजर असतो. बीआरसीए-१ तुटलेली टोकं सोलून एकेरी धागा उघडा करायला मदत करतं. बीआरसीए-२ त्या धाग्यावर आरएडी-५१ हे प्रथिन ओळीनं बसवतं. असा मढलेला धागा शेजारच्या प्रतीत शिरतो, जुळणारा मजकूर हुडकतो आणि तो बघून तुटलेला भाग नव्यानं लिहिला जातो. हे जमलं नाही तर पेशी टोकाला टोक कसंबसं चिकटवते, त्यात अक्षरं गळतात. वारशानं एक प्रत बिघडलेली आली तरी दुसरी काम निभावते. एखाद्या पेशीत तीही बिघडली की ही दुरुस्ती थांबते. म्हणून वारसा मिळतो तो धोक्याचा. बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. घराण्याला शाप वगैरे काही नसतो, शांती करण्यात महिने घालवू नयेत. घरबसल्या थुंकी पाठवायच्या काही किटवरही विसंबू नये. त्या मोजकेच बदल तपासतात आणि खोटा दिलासा देतात.

जनुक तपासणीचा रिपोर्ट आल्यावर सिस्टरचं अवघड काम सुरू होतं. धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल या भीतीनं तो कपाटात जातो. तिथे दटावून भागत नाही. कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं हे ती पेशंटसोबत बसून ठरवते. आतेबहिणीला मग फक्त पेशंटमध्ये सापडलेला तो एकच बदल तपासावा लागतो, त्यामुळे खर्चही कमी. तो सापडलाच तर २५व्या वर्षापासून स्तनांचा एमआरआय, आणि मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४०च्या आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५च्या दरम्यान अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा विचार, एवढं तिच्या हातात असतं.