संप्रेरकांच्या गोळ्या आणि ‘रक्त गोठण्याचा विकार’ : पार्श्वभूमी

‘रक्त गोठण्याचा आनुवंशिक विकार’ म्हटलं की बहुतेकांना हिमोफिलिया आठवतो, म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. संप्रेरकांच्या गोळ्यांबाबत विषय उलटा आहे : नको तिथे गुठळी धरण्याची जन्मजात प्रवृत्ती, थ्रोम्बोफिलिया. त्यातला सर्वपरिचित प्रकार ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’. फॅक्टर फाइव्ह हा रक्त गोठवणारा एक घटक; लायडन हे नेदरलँड्समधलं शहर, त्यावरून या विकाराचं नाव. फॅक्टर फाइव्हची कमतरता हा वेगळाच आजार, त्यात रक्त वाहत राहतं. ‘लायडन’ विकारात हा घटक कमी नसतो, तो वेळेवर आवरला जात नाही. रिपोर्टवर ‘फॅक्टर फाइव्ह’ एवढंच वाचलं की गल्लत होते.

गर्भनिरोधक गोळीमुळे गुठळी होऊ शकते, हे १९६१ पासून नोंदलं जात होतं. पुढे गोळीतल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची मात्रा घटली. पण धोका कोणाला जास्त, हे १९९४ च्या डच अभ्यासाने दाखवलं. गोळीही नाही आणि लायडनही नाही अशा दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ०.८ जणींना गुठळी. फक्त गोळी घेणाऱ्यांत ३, फक्त लायडन असलेल्यांत ५.७, आणि दोन्ही असतील तर २८.५.

मग गोळीआधी सगळ्यांचीच चाचणी का नाही? कारण २८.५ धरले तरी १०,००० पैकी उरलेल्या ९,९७० हून अधिक जणींना त्या वर्षात काही होत नाही. म्हणून ठरलं : विकार माहीत असेल तर इस्ट्रोजेनची गोळी नको, पण सरसकट चाचणीही नको. भारतीयांत लायडन युरोपीयांपेक्षा बराच विरळ. प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटीथ्रोम्बिन या गोठणं आवरणाऱ्या घटकांची कमतरता असली तर लायडनची चाचणी ती दाखवत नाही. निर्णय पटण्यासारखा आहे, पण त्याने सगळा भार घरच्या इतिहासावर टाकला. आणि आपल्याकडे विचारतात काय, तर ‘घरात कुणाला रक्ताचा आजार?’ बाळंतपणानंतर पाय सुजून दवाखान्यात राहिलेली मावशी या प्रश्नाला कुणाला आठवणार? ‘कुणाच्या पायात, फुप्फुसात गुठळी झाली होती का?’ असंच विचारायला हवं.

२००२ मध्ये रजोनिवृत्तीनंतर घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांची मोठी अमेरिकी चाचणी मध्येच थांबवली गेली. तीत गुठळ्यांचं प्रमाण संप्रेरकं न घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. त्वचेवरच्या पट्टीतलं इस्ट्रोजेन, गोठण्याचे घटक जिथे बनतात त्या यकृतात आधी जात नाही, त्यामुळे तिचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो.

आपल्याकडे गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळीसुद्धा संप्रेरकच. जास्त मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. ती बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय मिळते, आणि मावशीबद्दल तिथे कुणी विचारत नाही.