एकाच माइकभोवती पाच जण: ट्रॅडिशनल ब्लूग्रास लाइव्हची पार्श्वभूमी

अमेरिकेत ट्रॅडिशनल ब्लूग्रासच्या (बॅन्जो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि बेस अशा तारवाद्यांवर वाजणारं तिथलं एक गावरान संगीत) कॉन्सर्टला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला बऱ्याचदा स्टेजच्या मधोमध एकच माइक दिसतो. बॅन्जोवाला सोलोला पुढे घुसतो, संपला की खांदा वळवून मागे सरकतो, तोवर फिडलवाला (म्हणजे व्हायोलिनवाला) दुसऱ्या बाजूने आत आलेला असतो. ड्रम्स नाहीतच, ताल धरतो तो मँडोलिनचा ऑफबीटवरचा, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे पडणारा, तुटक चॉप. रेकॉर्ड ऐकून यातलं निम्मंही कळत नाही, म्हणून हे संगीत आधी लाइव्हच ऐकावं असं माझं ठाम मत आहे.

पण ही एका माइकची पद्धत काही १९४० पासून सलग चालत आलेली नाही. रेडिओच्या जमान्यात माइकच एक असायचा, पुढे साउंड सिस्टिम सुधारली तसे प्रत्येकाला वेगळे माइक मिळाले, आणि १९९० च्या दशकात काही नावाजलेले बँड ठरवून परत एकाच माइकवर आले.

खरी भांडणं झाली ती इलेक्ट्रिक बेसवरून. १९६० च्या दशकापासून काही बँडनी तो घेतला, कारण मोठ्या स्टेजवर डबल बेस (उभं राहून वाजवायचं माणसाएवढं तारवाद्य) ऐकूच जात नव्हता आणि गाडीतून तो नेणं म्हणजे वेगळाच ताप. जुने श्रोते भडकले, काही फेस्टिवलमध्ये तर आजही विजेवर चालणारी वाद्यं चालत नाहीत. आता यात गंमत अशी की ज्या साउंडला ट्रॅडिशनल म्हणतात तो केंटकीच्या एका मँडोलिनवाल्याच्या बँडचा, आणि तोही १९४५ च्या डिसेंबरात तीन बोटांनी बॅन्जो वाजवणारा कॅरोलायनाचा पोरगा आल्यापासून १९४८ पर्यंतचा, जेमतेम सव्वादोन वर्षांचा. त्याच बँडच्या फेब्रुवारी १९४५ च्या रेकॉर्डिंगमध्ये चक्क अकॉर्डियन आहे, तेही एका बाईने वाजवलेलं! डोब्रो (धातूची तबकडी बसवलेली, आडवी धरून वाजवायची गिटार) तर १९५५ ला आला, तरी तो सगळ्यांनी आपला मानला. म्हणजे प्रश्न वाद्य किती जुनं याचा नाहीच, आणि इथे मला जुन्या श्रोत्यांचं पटतं, कारण इलेक्ट्रिक बेसचा लांबलेला स्वर गिटारच्या छोट्या छोट्या रन्स, म्हणजे सलग स्वरांच्या झटपट ओळी, गिळून टाकतो.

मधल्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकात, रॉक अँड रोलने या बँडचं काम पार आटवलं होतं. १९६५ मध्ये व्हर्जिनियात फिनकॅसलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर लेबर डे वीकेंडला (सप्टेंबरच्या सुरुवातीची जोडसुट्टी) तीन दिवसांचा फेस्टिवल झाला, १९६७ पासून इंडियानातल्या बीन ब्लॉसमलाही सुरू झाला, आणि शहरातल्या कॉलेजच्या पोरांना हे वादक हाताच्या अंतरावर दिसले, कारण स्टेजवरून उतरले की तेच लोक पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे उभं राहून जॅम करायचे. मग २००० च्या एका सिनेमाच्या साउंडट्रॅकच्या लाखो कॉपी खपल्या, त्यातली बरीच गाणी काटेकोर ब्लूग्रास नव्हतीच, तरी त्यानंतर कॉन्सर्टला नवे चेहरे लोंढ्याने आले.