खानदानाचा नियम : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या ‘नोबल’ची पार्श्वभूमी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ; प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, चालवतो. १९७४ च्या मूळ नियमांत कॅरेक्टर जन्माने सरदार नसे. लढवय्या नवव्या लेव्हलला (पायरीला) ‘लॉर्ड’ होई, किल्ला बांधी आणि बॅरन म्हणून रयतेकडून माणशी वर्षाला १० सोन्याची नाणी कर घेई. अंतराळात घडणाऱ्या ‘ट्रॅव्हलर’ या दुसऱ्या खेळाने १९७७ मध्ये उलटी वाट धरली : सामाजिक स्थान सुरुवातीलाच दोन फाशांवर ठरे, ११ पडले की नावाआधी ‘सर’, १२ ला बॅरन. १९८५ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये कॅव्हेलियर (घोडेस्वार योद्धा) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, आला आणि जन्म थेट क्लासच्या दारात आडवा आला. साध्या घरच्या उमेदवाराला उणे १,५०० अनुभवगुणांपासून चढत यावे लागे.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ॲरिस्टोक्रॅट’ हा वेगळा क्लासच होता, पण मुख्यतः डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) पात्रांसाठी. खेळाडूने घेतलाच तर खानदानावर एक लेव्हल खर्ची पडे, आणि तेवढ्यात सोबतचा फायटर एक फीट (खास कसब) जास्त मिळवून पुढे जाई.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा गुंता नीट सोडवला. क्लास कोणताही घ्या, ‘नोबल’ हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका. इतिहास आणि मनधरणी ही दोन कौशल्ये, एक भाषा, मुद्रेची अंगठी, वंशावळीची गुंडाळी, २५ सोन्याची नाणी. खरा जीव होता ‘पोझिशन ऑफ प्रिव्हिलेज’ या सवलतीत : गरज पडल्यास स्थानिक सरदाराची भेट मिळणारच, फासा न टाकता.

वाद पेटला तो इथे. एक तक्रार अशी की मनधरणीचे कौशल्य घेतलेल्या बार्डने (गाण्यातून जादू करणाऱ्याने) फासा टाकायचा आणि सरदारपुत्राने नुसते नाव सांगायचे, हा अन्याय आहे. दुसरी, ‘स्थानिक’ म्हणजे कुठवर? परक्या राज्यात ते घराणे कोण ओळखणार? प्रत्येक डीएम वेगळे उत्तर देई. पण सवलत फक्त भेटीची होती, होकाराची नव्हे. दरवाजा उघडे, पुढची मनधरणी फाशावरच. हा फरक ज्या टेबलावर पाळला जाई तिथे नियम उत्तम चाले. भेटीऐवजी तीन नोकर घेण्याचा पर्यायही होता. ते लढत नसत, धोक्याच्या जागी येत नसत, छळले तर निघून जात. कुलीनपणा म्हणजे माणसांचे वागणे, हे भेटीच्या आणि नोकरांच्या नियमांच्या त्या दोन परिच्छेदांइतके नेमके या खेळात दुसरीकडे कुठे उतरलेले नाही.

२०२४ च्या नव्या नियमांत भेटीचा हक्क आणि नोकर, दोन्ही गेले. आता ‘नोबल’ पात्राचे शक्ती, बुद्धी आणि करिश्मा हे गुण वाढवते (एकात २ व दुसऱ्यात १, किंवा तिन्हींत १), ‘स्किल्ड’ हे फीट देते, आणि सामानात अत्तर आहे. परिणामी राजघराण्यातली क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारी) किंवा तिरंदाज तोट्यात पडते, कारण त्यांना लागणारे विझ्डम (शहाणपण) आणि चपळाई हे गुण यादीतच नाहीत. नव्या नियमांतच एक वाट मात्र आहे : जुने बॅकग्राउंड वापरले तर गुणांची तीच वाढ आवडीच्या गुणांत मिळते आणि ओरिजिन फीटही (बॅकग्राउंडसोबत मिळणारे) आवडीचे. म्हणजे डीएमची हरकत नसेल तर २०१४ चा ‘नोबल’ उचलायचा, २ विझ्डमला द्यायचे. भेटीचा हक्कही टिकतो.