जावा रनटाइम सेटिंग, मायक्रोसर्व्हिसच्या सर्व्हरवरील

जावात लिहिलेली सेवा ज्या आभासी यंत्रावर म्हणजे जेव्हीएमवर चालते, त्याला सुरू होतानाच मेमरी, प्रोसेसर, गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग), कालविभाग आणि अक्षरसंकेत (अक्षरे साठवण्याची पद्धत) ठरवून देण्याची पद्धत. एका सर्व्हरवर एकच मोठे अ‍ॅप्लिकेशन असे, तेव्हा हे काम क्वचित करावे लागे. मायक्रोसर्व्हिसमध्ये, म्हणजे मोठे अ‍ॅप्लिकेशन लहान स्वतंत्र सेवांत विभागले की, एका यंत्रावर अनेक जेव्हीएम शेजारी शेजारी नांदतात. त्यांतल्या कोणीही सबंध घर आपलेच आहे असे समजू नये, हा या सेटिंगमागचा मुख्य हेतू.

‘मायक्रोसर्व्हिस’ ही संज्ञा मे २०११ मध्ये व्हेनिसजवळ भरलेल्या सॉफ्टवेअर-रचनाकारांच्या कार्यशाळेत चर्चेत आली, असे जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांनी मार्च २०१४ च्या लेखात नोंदवले आहे. पीटर रॉजर्स यांनी २००५ मध्ये ‘मायक्रो-वेब-सर्व्हिसेस’ हा शब्द वापरला होता, म्हणून काहीजण उगम तिथपर्यंत मागे नेतात. शब्दसाम्य आहेच, पण आज रूढ असलेला अर्थ २०११ नंतरच्या वापरातून आलेला दिसतो.

अशी प्रत्येक सेवा बहुधा कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या ठरवून दिलेल्या बंदिस्त वाट्यात चालते. जावाला कंटेनरची मर्यादा कधीपासून कळू लागली, याबद्दलही एकमत नाही. ‘जावा १० पासून’ हे उत्तर सर्रास दिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. २००४ मधल्या जावा ५ पासून जेव्हीएम यंत्र पाहून स्वतःची मापे ठरवू लागले. पुढे हीपची (जावाच्या ऑब्जेक्टसाठी राखलेल्या मेमरीची) कमाल मर्यादा यंत्राच्या मेमरीच्या एक चतुर्थांश, हा दंडक रूढ झाला. हे जेव्हीएम लिनक्स कंटेनरमध्ये ठेवले, की ते कंटेनरची मर्यादा न पाहता खालच्या यंत्राची मेमरी मोजत असे. समजा, नोड (कंटेनर चालवणारे यंत्र) ६४ जीबीचा आणि कंटेनरला १ जीबी दिलेला. जेव्हीएम १६ जीबीपर्यंत वाढण्याची मुभा धरून बसे, १ जीबी ओलांडताच कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला सिग्नल ९ ने मारी आणि बाहेर पडण्याचा संकेतांक १३७ (१२८ अधिक ९) दिसे. मारणारा बाहेरचा असल्याने जावाच्या लॉगमध्ये ‘आउटऑफमेमरीएरर’ची ओळही सापडत नसे. ‘पॉड (कुबरनेटीसमध्ये एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) उडाला, लॉगमध्ये काहीच नाही’ ही तक्रार बहुधा इथली.

एप्रिल २०१७ मध्ये जावा ८ च्या १३१ व्या अपडेटमध्ये यावर एक प्रायोगिक फ्लॅग (जेव्हीएम सुरू करताना द्यायचा पर्याय) आला. तो मुद्दाम चालू करावा लागे. मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये कंटेनरची ओळख आपोआप होऊ लागली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये १९१ व्या अपडेटद्वारे ती जावा ८ मध्येही आली. पण ही ओळख लिनक्सच्या सीग्रुप (कंटेनरच्या मर्यादा सांभाळणाऱ्या) यंत्रणेच्या पहिल्या पिढीपुरती होती. दुसऱ्या पिढीचा आधार सप्टेंबर २०२० च्या जावा १५ मध्ये आला, तो जावा ११ मध्ये जुलै २०२२ ला (११.०.१६) आणि जावा ८ मध्ये एप्रिल २०२३ ला (अपडेट ३७२) पोचला. त्यामुळे नोडवरचे उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २०.०४ वरून दुसरी पिढी वापरणाऱ्या २२.०४ वर नेले आणि जावा जुनेच राहिले, तर मिटलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून नुसता आवृत्तीचा आकडा न सांगता अपडेटचा क्रमांक आणि सीग्रुपची पिढी, दोन्ही सांगणे अधिक नेमके.

हीपचा वाटा आता बहुधा मॅक्सरॅमपर्सेंटेज या फ्लॅगने देतात. तो मूळचा २५ असतो. म्हणजे १ जीबीच्या कंटेनरमध्ये २५६ एमबी हीप मिळते आणि बाकीची जागा बरीचशी पडून राहते. ७५ केल्यास हीप ७६८ एमबीपर्यंत जाते. उरलेल्या २५६ एमबीत मेटास्पेस (वर्गांची माहिती), कोड कॅशे (यंत्रभाषेत आणलेला कोड), डायरेक्ट बफर (हीपबाहेरच्या तात्पुरत्या जागा) आणि थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) स्टॅक बसवायचे असतात. ६४-बिट लिनक्सवर एका थ्रेडचा स्टॅक साधारण १ एमबी, आणि टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरचे थ्रेड मूळ सेटिंगनुसार २०० पर्यंत जातात. स्टॅकची पाने वापरली तरच खरी मेमरी लागते, म्हणून हे गणित एरवी निभते; गर्दीच्या वेळी निभेलच असे नाही. काही अभियंते टक्क्यांऐवजी एक्सएमएस (सुरुवातीची हीप) आणि एक्सएमएक्स (कमाल हीप) सारखेच ठेवतात. कंटेनरचे माप वारंवार बदलत असेल तिथे टक्केवारी सोयीची. मात्र एक्सएमएक्स दिलेले असताना टक्केवारीकडे पाहिलेच जात नाही. मिनरॅमपर्सेंटेज हे नाव तर सरळ चकवणारे आहे: फार लहान मेमरीच्या यंत्रावर हीपची कमाल मर्यादा त्याने ठरते.

गार्बेज कलेक्टर म्हणून जावा ९ पासून सर्व्हरवर जी-वन येतो, असे सांगतात. प्रत्यक्षात प्रोसेसर दोनपेक्षा कमी किंवा मेमरी १७९२ एमबीहून कमी दिसली, तर आजवरच्या बहुतेक आवृत्त्या गुपचूप सीरियल कलेक्टर निवडतात. १ जीबीच्या पॉडला म्हणूनच न मागता सीरियल मिळतो. झेडजीसी आणि शेनांडोआ हे दुसरे दोन कलेक्टर जावा १५ पासून प्रत्यक्ष वापरासाठी मान्य झाले. लहान सेवांना त्यांची गरज थोडी.

सेटिंग पोचवण्याच्या वाटांतही घोळ होतो. जावा_ऑप्ट्स हे पर्यावरण-चल (बाहेरून नावाने दिलेले मूल्य) जेव्हीएम स्वतः वाचत नाही. टॉमकॅटसारख्यांच्या सुरुवातीच्या स्क्रिप्ट ते वाचतात. इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्यात) तशी स्क्रिप्ट नसेल तर त्यात टाकलेले सगळे वाया जाते. जावा_टूल_ऑप्शन्स मात्र जेव्हीएम वाचते आणि तसे वाचल्याची ओळही छापते. मॅक्सपर्मसाइजसारखा जुना फ्लॅग जावा ८ ने इशारा देऊन सोडून दिला. जावा १७ त्यावर सुरूच होत नाही.

मुंबईत कालविभागाचे सेटिंग विशेष जाणवते. कंटेनर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, त्यामुळे शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडल्याची नोंद लॉगमध्ये ०३:४५ आणि दुपारी साडेतीनला बंद झाल्याची १०:०० अशी पडते. यावर उपाय म्हणून यूजर.टाइमझोनला ‘एशिया/कोलकाता’ द्यावे लागते. कालविभागांच्या यादीत ‘एशिया/मुंबई’ नाही, आणि तसे लिहिले तर जावाचा जुना टाइमझोन वर्ग तक्रार न करता जीएमटी देतो. झोनआयडी हा नवा वर्ग निदान चूक दाखवतो. (एके काळी या शहराची स्वतःची मुंबई वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, संगणकाच्या यादीत तिला जागा मिळाली नाही.)

अक्षरसंकेताची गोष्ट मराठी नावांपाशी उघडी पडते. जावा १८ पासून (२०२२) सर्व लिप्या सामावणारा यूटीएफ-८ हा मूळ संकेत झाला. त्याआधी तो यंत्राच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) ठरे आणि रिकाम्या इमेजमध्ये बहुधा आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा संकेत) निघे. अशा सेवेने ग्राहकाचे ‘सुनीता’ हे नाव फाइलमध्ये लिहिले की तिथे सहा प्रश्नचिन्हे उमटतात: तीन अक्षरांची आणि तीन मात्रांची. फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ दिले की पुढची नावे नीट पडतात. आधी प्रश्नचिन्हे होऊन बसलेली परत येत नाहीत.