मुखपट्टीजन्य त्वचाविकार

मुखपट्टी म्हणजेच मास्क दीर्घकाळ लावल्यामुळे हनुवटी, गाल, नाकाचा दांडा आणि कानांमागील भाग येथे उद्भवणाऱ्या मुरूम, पुरळ, खाज, घामोळ्या, काळे डाग व जखमा या तक्रारींना मिळून मुखपट्टीजन्य त्वचाविकार म्हणतात. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत सिंगापूरमधील आरोग्य कर्मचाऱ्यांत त्यांची नोंद झाली होती. २०२० पासून कोविडच्या साथीत त्या घरोघरी पोहोचल्या.

महाराष्ट्रातील मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठली, तरी मराठवाड्यात हा विषय संपलेला नाही. परभणी-जालन्यातील कापसाचे जिनिंग (सरकी काढण्याचे कारखाने), लातूरच्या डाळमिली, वसमतची हळद बाजारपेठ अशा ठिकाणी धूळ आणि तंतू नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून तोंड झाकावेच लागते, आणि दुचाकीवरून निघालेल्या मुली तर चैत्र-वैशाखात केवळ डोळे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात. पारा चाळिशीपार गेलेला असताना त्या कापडाखाली काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

उच्छ्वासाची वाफ आणि घाम कोंडल्याने त्वचेचा वरचा थर भिजून मऊ पडतो, तेल व मृत पेशींनी रोमरंध्रे बुजतात आणि बोलताना सतत सरकणारे कापड तीच जागा घासत राहते. दाब व घर्षणाने मुरूम चिघळतात, हे मिल्स आणि क्लिगमन या त्वचा-संशोधकांनी १९७५ मध्येच मांडले होते. मात्र मास्कखालचे प्रत्येक पुरळ मुरूम नसते. कानाच्या पट्टीतील रबराची रसायने किंवा नाकावरच्या तारेतील निकेल यांची ॲलर्जी असल्यास ज्या ठिकाणी स्पर्श होतो, नेमक्या त्याच रेषेत लाल, खाजरा पट्टा उठतो. हवा गाळणाऱ्या एन-९५ मास्कच्या घट्ट कडेमुळे नाकाच्या दांड्यावर वळ पडतात आणि कधी साल निघते. चष्मा लावणाऱ्यांच्या कानामागे काडी आणि पट्टी यांचा दुहेरी दाब पडतो. पाणीटंचाईत कापडी मास्क एकाच पाण्यात खळबळून वाळत घातला, तर वॉशिंग पावडरचा अंश कापडात राहून तोही त्वचेला झोंबतो. धुताना पाण्याची काटकसर करायची तर ती पावडर कमी घालून करावी. कापड मात्र स्वच्छ निघेपर्यंत खळबळलेच पाहिजे.

गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यानंतरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. तो घालवण्यासाठी लिंबू चोळणे किंवा मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइडयुक्त मलम आणणे ही चूक फार महागात पडते. अशा मलमाने चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, गजकर्ण असेल तर ते दबून आत पसरते आणि मलम थांबवताच आग व पुरळ दुपटीने परतते.

उपाय त्यामानाने साधे आहेत. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुवावा, मास्क लावण्यापूर्वी हलका मॉइश्चरायझर लावावा, मास्कखाली मेकअप टाळावा आणि ओला झालेला मास्क बदलावा. मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड उपयोगी पडते, परंतु रंगीत कापडावर त्याचे फिके डाग उमटतात. एन-९५ खाली रुमाल किंवा कापसाची घडी ठेवू नये, कारण कड सैल होऊन गाळण न झालेली हवा आत शिरते. दाबाच्या जागी पातळ वैद्यकीय पट्टी लावली, तरी कड चेहऱ्याला नीट बसते की नाही हे पुन्हा तपासून घ्यावे. पू, वाढती सूज किंवा न भरणारी जखम दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.