37 चिन्हांत मावलेलं सप्तक

सरगम:डी=4,ओ=5,बी=120:सी,डी,ई,एफ,जी,ए,बी,सी6

ही ओळ म्हणजे सा रे ग म प ध नी सां. नोकियाने फोनच्या रिंगटोनसाठी तयार केलेल्या 'रिंग टोन टेक्स्ट ट्रान्सफर लँग्वेज'मध्ये, म्हणजेच आरटीटीटीएलमध्ये, धून अशी लिहितात. मूळ ओळ रोमन अक्षरांत असते. तशी ती फक्त 37 चिन्हांची भरते आणि 4 सेकंद वाजते. एवढ्याच वेळाचं सीडीवरचं ध्वनिमुद्रण 7 लाख बाइटांच्या वर जातं. एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावायची, त्या काळात हा फरक फार मोठा होता. या ओळीत आवाज साठवलेलाच नसतो. असतो तो फक्त आवाज कसा काढायचा याचा निरोप.

दोन अपूर्णविरामांनी (:) ओळीचे तीन भाग होतात: नाव, नियम आणि स्वर. नियमांतला 'डी' स्वराची लांबी सांगतो, 'ओ' सप्तक आणि 'बी' लय. स्वरांच्या भागात मात्र तेच डी आणि बी सूर होतात. अर्थ जागेवरून ठरतो. बी=120 म्हणजे मिनिटाला 120 ठोके, म्हणून इथे प्रत्येक स्वर अर्धा सेकंद टिकतो. एखादाच स्वर वेगळा हवा असेल तर त्याच्या आधी लांबी आणि नंतर सप्तक लिहायचं, जसा शेवटचा सी6. 'पी' म्हणजे विराम.

पुढचं काम साध्या गणिताचं. पाचव्या सप्तकातला सी म्हणजे सेकंदाला सुमारे 523 कंपनं. बझरचा, म्हणजे बीप वाजवणाऱ्या छोट्या भागाचा, वीजपुरवठा तेवढ्या वेळा चालू-बंद केला की तो सूर लागतो. प्रत्येक पुढच्या अर्धस्वरासाठी आकड्याला 1.0595 ने गुणायचं; 12 वेळा गुणलं की कंपनं दुप्पट, म्हणजे वरचा सा. म्हणूनच आर्डुइनोच्या, म्हणजे प्रयोगांसाठीच्या साध्या संगणकाच्या, छोट्या बोर्डावर आजही ही लिपी सहज वाजते. मुलांना ध्वनी शिकवायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीही संगीत कागदावर उतरवलं, पण त्यांचा सा गायकाच्या पट्टीप्रमाणे हलतो. इथे सी 523लाच खिळलेला. पट्टी बदलायची तर सगळे स्वर नव्याने लिहायचे. शिवाय कोमलची खूणच नाही, आहे फक्त चढवण्याची. त्यामुळे सी हा सा धरला तर कोमल गंधार 'डी#' असा, जणू 'तीव्र रिषभ' म्हणून लिहावा लागतो. भातखंडे मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी, स्वरांवर कमान काढतात. इथे तिला चिन्ह नाही. दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा), अतिकोमल (कोमलहूनही किंचित खालचा) गंधार लिहायला गेलं तर बझर 622 कंपनांवर स्थिर उभा राहतो. त्याच्या खालचा सूर थेट 587चा, रिषभाचा. मधली जागा या लिपीत नाहीच.